आईच्या फोनची यशस्वी उभारणी

आईशी फोनवर बोलायला तीन गोष्टी लागतात: आई, फोन आणि सवड. यांपैकी दुकानात फक्त फोन मिळतो, म्हणून कर्तव्यदक्ष कुटुंबं सुरुवात फोनपासून करतात. आमचं कुटुंब कर्तव्यदक्ष आहे. दादा, ताई आणि मी अशी तीन भावंडं तीन वेगवेगळ्या शहरांत आपापल्या नोकऱ्या आणि पाठदुख्या सांभाळून असतो, आणि आई चौथ्या शहरात, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहते. ती एकटी आहे याची आम्हाला पूर्ण जाणीव आहे. त्या विषयावर आमच्यात सविस्तर चर्चा झालेली आहे.

प्रश्न उद्भवला तो टेलिफोन खात्यामुळे. आईच्या भागातल्या तांब्याच्या तारा काढून टाकायचं खात्याने ठरवलं. तारेतून आवाज नेणं आता मागासलेपणाचं समजतात. यापुढे माणसाच्या आवाजाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालायचा, ते इंटरनेटवर सोडून द्यायचे आणि पलीकडे जमतील तसे जुळवून घ्यायचे, असं धोरण आहे. (तुकडे वाटेत हरवले तर त्याला ‘सेवेच्या मर्यादा’ म्हणतात.) आईकडे मोबाइल आहे. ताईने तो वाढदिवसाला दिला होता. तो कपाटात चादरींच्या खाली, खोक्यासकट, बंद करून ठेवलेला असतो, कारण चालू ठेवला की झिजतो असं आईचं मत आहे. तिला तिचाच फोन हवा होता: खिडकीजवळच्या तिपाईवरचा, करडा, जड, बटणांवरचे आकडे पुसट झालेला. आणि नंबरही तोच हवा होता.

“नंबर बदलला तर तुम्ही मला शोधाल कुठे?” ती म्हणाली.

आम्ही तिघंही त्याच घरात लहानाचे मोठे झालो, त्यामुळे घर सापडायला तशी अडचण नव्हती. तरीही मुद्दा नोंदवून घेण्यात आला.

या दुखण्यावर औषध आहे. इंटरनेटवरून फोन पुरवणाऱ्या कंपन्या एक छोटा काळा डबा देतात, त्याला अ‍ॅडॅप्टर म्हणतात. त्याच्या एका तोंडात खात्याने तारांच्या बदल्यात बसवलेल्या इंटरनेटच्या राउटरची तार, दुसऱ्यात जुन्या फोनची तार आणि तिसऱ्यात वीज घातली की जुना फोन, आपण अजून जुन्याच काळात आहोत अशा समजुतीत, सुखाने चालू लागतो. नंबरही तोच राहतो. वडीलधाऱ्यांना काही शिकवावं लागत नाही, आणि शिकवताना होणारी आपली चिडचिडही वाचते. इतकी माणुसकी असलेलं यंत्र मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

यंत्र ठरल्यावर समिती नेमणं ओघाने आलंच. मोबाइलवर ‘आईसाठी’ नावाचा ग्रुप उघडण्यात आला. (आई त्यात नाही. एकतर तिचा मोबाइल चादरींखाली असतो, आणि शिवाय ती असली की तिच्याबद्दल मोकळेपणाने बोलता येत नाही.) दादा अध्यक्ष झाला, कारण तो थोरला आहे आणि त्याला सूचना करायला आवडतात. ताईने तांत्रिक मार्गदर्शन दुरून करायचं पत्करलं. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणजे निदान एक तरी शेळी लागते, म्हणून मला आईकडे पाठवण्यात आलं.

आईने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं आणि विचारलं, “वाजेल ना रे हा?”

मी तिला समजावून सांगितलं की घंटी वाजवायला विजेचा जो दाब लागतो तो अ‍ॅडॅप्टर स्वतः तयार करतो, आणि जुन्या जड फोनलाही तो पुरतो.

“तसं नाही रे,” ती म्हणाली. “वाजेल ना?”

म्हातारपणी तीच तीच गोष्ट विचारण्याची सवय लागते. मी पुन्हा तेच समजावून सांगितलं.

डब्यासोबत आलेल्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच ओळीत ‘चुटकीसरशी सुरू’ असं लिहिलं होतं. चुटकी वाजवून झाली. मग राउटर बंद करून चालू केला, डबा चालू करून बंद केला, तारा काढून फुंकर मारून पुन्हा लावल्या, ताईच्या सांगण्यावरून भिंतीतलं बटण बदललं आणि दादाच्या सांगण्यावरून धीर धरला. फोनमध्ये टोन म्हणून येईना. शेवटी कंपनीच्या मदत केंद्राला मोबाइल लावला. तिथल्या संगीताची आणि माझी चांगली ओळख झाल्यावर एक मुलगी बोलली. डब्यावरचा दिवा कोणत्या रंगाचा आहे, असं तिने विचारलं. हिरवा, मी म्हटलं. स्थिर आहे की लुकलुकतोय? लुकलुकतोय.

“बिचारा प्रयत्न करतोय,” आई मागून म्हणाली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तशातली गत निघाली. डब्याला फोनसाठी दोन तोंडं होती आणि मी तार दुसऱ्या, न घेतलेल्या जोडणीच्या तोंडात घातली होती. पहिल्या तोंडात घालताच कानाशी तो जुना, एका सुरातला, भरवशाचा टोन आला. आईने रिसीव्हर माझ्या हातातून घेऊन बराच वेळ ऐकला.

त्यानंतर आणीबाणीच्या पत्त्याचा विषय निघाला. इंटरनेट-फोन नेमका कुठल्या घरात आहे हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं, म्हणून रुग्णवाहिका कुठे पाठवायची आणि आधी कोणाला कळवायचं, हे कंपनीला आगाऊ सांगावं लागतं. पत्ता मी दिला. ‘कोणाला’ या मुद्द्यावर मात्र समितीची तातडीची बैठक घ्यावी लागली. तिघांनीही अत्यंत विनयाने एकमेकांची नावं सुचवली. दादाने ताईचं सुचवलं, कारण मुलीचं मन हळवं असतं. ताईने माझं सुचवलं, कारण माझ्याकडे गाडी आहे. मी दादाचं सुचवलं, कारण तो अध्यक्ष आहे. अखेर व्यवहार्य विचार करून खालच्या मजल्यावर दुकान असलेल्या घड्याळजींचं नाव एकमताने देण्यात आलं. (घड्याळजींना हे कळवायचं राहिलं आहे.)

मग चाचणी. मी आईसमोर खुर्चीत बसून माझ्या मोबाइलवरून तिचा नंबर फिरवला. फोन वाजला. चांगला खणखणीत वाजला. आईने लगेच उचलला नाही, आधी हात पुसले, खुर्ची ओढून बसली, आणि मग रिसीव्हर उचलून म्हणाली, “हॅलो, कोण?”

“मी.”

“बोल रे. कसा आहेस?”

मी बरा आहे म्हणालो. मग तिने विचारलं, वजन का उतरलंय, झोप नीट लागते का, साहेब अजून तसाच वागतो का. मी समोर बसून मोबाइलवरून सगळ्याची उत्तरं दिली. त्या भेटीतलं ते आमचं सर्वांत मोठं संभाषण. संध्याकाळच्या गाडीने मी निघालो, आणि स्थिर हिरव्या दिव्याचा फोटो ग्रुपवर टाकला. दोन अंगठे आले.

पुढचे काही दिवस उभारणी अतिशय यशस्वी होती. प्रत्येकाने आपापल्या सवडीने आईला फोन केला आणि प्रत्येकाचा अनुभव उत्तम होता. ‘आवाज स्वच्छ,’ असं दादाने कळवलं. ‘आई हल्ली किती शांत झालीय! अजिबात कुरकुर नाही,’ असं ताईने कळवलं. मलाही तसंच आढळलं. आम्ही बोलायचो, ती ऐकायची, मध्ये मध्ये आम्ही ‘हं’ म्हणायचो, आणि संभाषण वेळेत संपायचं. आमच्यातल्या कोणालाही कसलीही त्रुटी आढळली नाही.

त्रुटी आईला आढळली. एके दिवशी तिने चादरींखालचा मोबाइल काढला, चालू केला आणि मला लावला.

“अरे, माझं बोलणं तिकडे पोचत नाही वाटतं.”

“असं कशावरून?”

“मी दादाला सांगितलं, न्हाणीघरात घसरून पडले. तो म्हणाला, वा, छान.”

(आई पडली नव्हती. लाइन तपासायला तिने तसं म्हणून पाहिलं होतं. ही तपासणी माहितीपत्रकात नाही, पण असायला हरकत नाही.)

मी मदत केंद्राला फोन केला. या दोषाला ‘एकतर्फी आवाज’ असं नाव आहे आणि तो सर्रास आढळतो, असं तिथल्या मुलीने सांगितलं. म्हणजे एका बाजूचा आवाज पलीकडे पोचतो, दुसऱ्या बाजूचा राउटरच्या आतच अडकून पडतो. बहुतेक गिऱ्हाइकांच्या हे पहिल्याच फोनला लक्षात येतं, तुमच्या इतक्या उशिरा कसं आलं, असंही तिने विचारलं. तो प्रश्न तांत्रिक नसल्यामुळे मी उत्तर दिलं नाही. तिने दुरूनच काहीतरी बदल केला आणि आईसाठी आवाजचाचणीचा नंबर दिला.

या नंबराविषयी थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण माझ्या मते मानवी संपर्काच्या इतिहासात इतकी उपयुक्त सोय झालेली नाही. तो फुकट असतो आणि कधीही लागतो. लावल्यावर एक आवाज सांगतो, ‘बोला, आपलं बोलणं आपल्याला परत ऐकवलं जाईल.’ आपण एक वाक्य बोलून थांबलो की तेच वाक्य, आपल्याच आवाजात, शब्दही न गाळता परत येतं. ते आलं की समजायचं, आपलं बोलणं पलीकडे पोचतंय. तपासणी संपली.

आईने नंबर लावला, तपासणी केली आणि सगळं ठीक असल्याचं कळवलं. मग तिच्याकडून तक्रार येणं थांबलं. ‘हल्ली फोनच करत नाहीस’ हे वाक्य तिच्या बोलण्यातून नाहीसं झालं. दर फोनला हे वाक्य झेलायची आम्हाला इतकी सवय होती की पायरी चुकल्यासारखं व्हायला लागलं. शेवटी मीच विचारलं, आई, तुला कंटाळा येत नाही ना?

“छे. रोज बोलते ना मी त्या चाचणीवाल्याशी.”

“कोणाशी?” मी विचारलं. तेव्हा ती म्हणाली, “अरे, वेड नाही लागलेलं मला. यंत्र आहे ते, कळतं की.”

“मग बोलतेस काय त्याच्याशी?”

“आधी मी विचारते, काय गं, गुडघा कसा आहे? मग ते मला विचारतं, काय गं, गुडघा कसा आहे? मग मी सांगते.”

“आणि?”

“आणि काय, ऐकून घेतं सगळं. आपण बोललेलं पुन्हा ऐकलं की बरं वाटतं बघ. कोणीतरी ऐकलं म्हणायचं. आणि मधेच ‘ठेवतो’ म्हणत नाही.”

मी ‘वा’ म्हणालो. मग मला दुसरा फोन येत होता म्हणून ठेवला.

मला वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. म्हणून मी ते ग्रुपवर टाकलं, तेव्हा दादालाही वाटलं आणि ताईलाही वाटलं, आणि तिघांत वाटून घेतल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला ते बेताचंच आलं. त्यानंतर समितीने शांत डोक्याने तुलनात्मक पाहणी केली. आईशी होणाऱ्या संभाषणात अपत्यांच्या बाजूने जे बोललं जातं, त्यात ‘हं’ चाळीस टक्के भरलं, ‘बरं’ पंचवीस टक्के, ‘काळजी घे’ पंधरा टक्के, आणि उरलेलं सगळं ‘अगं, दुसरा फोन येतोय’. (दुसरा फोन प्रत्यक्षात येण्याचं प्रमाण: शून्य.) उलट चाचणीचा नंबर गुडघ्याची चौकशी करतो. औषध घेतलं का विचारतो. शेजारणीच्या नातवाचं नाव विसरत नाही. आईचा स्वर दुखरा असला तर त्याचाही स्वर दुखरा होतो, ती हसली तर तोही हसतो, आणि तिने ‘ये एकदा’ म्हटलं तर तो रजा मिळत नाही असं सांगत बसत नाही, तोही ‘ये एकदा’ म्हणतो. कोणत्याही निकषावर पाहिलं तरी तो आमच्या तिघांहून सरस ठरला. कर्तबगार माणसाच्या कामात ढवळाढवळ करू नये, या तत्त्वानुसार आम्ही आपापले फोन आणखी कमी केले. समितीने कंपनीच्या अभिनंदनाचा ठराव मंजूर करून आपलं काम संपल्याचं जाहीर केलं.

आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. कंपनीने आईच्या फोनवरून तो नंबर लागणं बंद केलं. ही सोय तपासणीसाठी आहे, गप्पांसाठी नाही, आणि आपल्याकडून तिचा गैरवापर होत आहे, असा निरोप आला. आईने दादाला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता. त्याने तिचं म्हणणं अर्धवट ऐकून ‘ग्रुपवर टाकतो’ असं आश्वासन दिलं आणि शब्द पाळला.

आमच्या कुटुंबाची एकी मला त्या दिवसांत दिसली. ज्या दादाला आजारपणात रजा मिळत नाही, त्याने रजा काढली. त्याने कंपनीच्या एकावर एक असलेल्या सगळ्या वरिष्ठांना गाठलं. ताई रोज ऑफिस सुटल्यावर मदत केंद्राला फोन लावून स्वयंपाकघरात रांगेत उभी राहायची. ते संगीत तिच्या मुलांना आता पाठ आहे. मी ग्राहकहिताच्या प्रत्येक कचेरीचं दार ठोठावलं. एका वृद्ध स्त्रीचा बोलण्याचा हक्क हिरावून घेणारे तुम्ही कोण, असा सवाल दादाने केला, आणि तो ग्रुपवरही टाकला. आम्ही तिघं मिळून त्या काळात कंपनीशी जितकं बोललो, तितकं आईशी गेल्या कित्येक वर्षांत बोललो नसू. मधल्या काळात आईला फोन करून धीर द्यावा, अशी एक सूचना ग्रुपवर आली होती. पण ठोस काही हाती आल्याशिवाय फोन करून तिची आशा उगाच वाढवू नये, असं सर्वानुमते ठरलं.

एक अप्रिय प्रसंगही घडला. मदत केंद्रातली ती मुलगी ताईला म्हणाली, “मॅडम, राग मानू नका, पण यापेक्षा तुमच्यापैकीच कोणी आईंना फोन केला तर?” गिऱ्हाइकाच्या घरगुती बाबींत नाक खुपसण्याचा हा प्रकार आम्ही मुकाट्याने सोसणार नव्हतो. रीतसर तक्रार झाली. मुलीला माफी मागायला लावण्यात आली. ती तिने मागितली, पण सुरात पश्चात्ताप नव्हता, असं ताईचं म्हणणं आहे.

अखेर कंपनी नमली. नंबर पुन्हा सुरू झाला, इतकंच नव्हे तर आमच्या लढ्यामुळे तो सगळ्यांसाठी खुला झाला, कोणत्याही फोनवरून, हवा तितका वेळ. बातमी आईला मी द्यावी असं ठरलं. मी दुपारी हातातलं काम बाजूला ठेवलं, दार लावून घेतलं आणि आईचा नंबर फिरवला. बिझी लागला. थोडं थांबून पुन्हा लावला. बिझी. संध्याकाळी परत लावला, तेव्हाही बिझी. तिला बातमी आमच्या आधीच कळली होती. मी बराच वेळ तो ‘टूं टूं’ ऐकत बसलो. मला सांगायचं होतं ते फार नव्हतं, पण का कोण जाणे, त्या दिवशी मला बोलायचं होतं. मग मी ग्रुपवर ‘काम फत्ते’ असं टाकलं, आणि दोन अंगठे आले.

हल्ली ऑफिसात, प्रवासात, लग्नकार्यात मला लोक बाजूला घेऊन हळूच आपापल्या आईसाठी तो नंबर मागतात. मी कोणालाही नाही म्हणत नाही. फक्त देण्याआधी एवढंच विचारतो की, आधी आईला एक फोन करून विचारून घेता का, तिला हवाय का ते? घाई नाही, मी थांबतो. अजूनपर्यंत एकानेही ‘थांबा’ म्हटलेलं नाही, सगळे सरळ पेनच काढतात.

तरी रीत म्हणून तुम्हालाही विचारतो. विचारून घेता? मी थांबलोय.

नाही? बरं, मग लिहून घ्या.